नंबर कुणाच्या नावावर?

(ऊसतोडीचा हंगाम सुरू होण्याआधी धारूर तालुक्यातल्या महिलांच्या बैठकीत केलेलं हे भाषण. बोलण्याचा ओघ तसाच ठेवून इथे देत आहोत.)

मैत्रिणींनो, मावश्यांनो, आणि मागे दाराशी उभ्या असलेल्या पोरींनो, पुढे या, सतरंजीवर जागा आहे.

आजचा विषय फळ्यावर लिहिलेला आहे. मोबाईलची कंपनी बदलावी की नाही? तो वाचून दोघीतिघी हसल्या. एक मावशी म्हणाल्या, "ताई, दारू, रेशन, मारहाण एवढे प्रश्न पडलेत आन् तुम्ही हे काय काढलंत?" मावशींचं म्हणणं रास्त आहे. पण दसऱ्याच्या आधीपासून मी वस्त्यांवर फिरते आहे, आणि मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न हाच आहे. "ताई, रिचार्ज लई महाग झालाय. कार्ड बदलावं का?" बाईने विचारलेला प्रश्न किरकोळ म्हणून बाजूला सारायचा नाही, असं आपण संघटनेत ठरवलेलं आहे. म्हणून हा विषय घेतला. शिवाय आपल्यातल्या बऱ्याच जणी आता फडावर निघणार. एकदा गाड्या हलल्या की पट्टा पडेपर्यंत पाच-सहा महिने कागदपत्रं हाताशी नसतात, दुकानात जायला सवड नसते. ठरवायचं ते आत्ताच ठरवलेलं बरं.

अमुक कंपनी घ्या, तमुक सोडा, असं मी सांगणार नाही. प्रत्येकीची वस्ती वेगळी, फड वेगळा, हातातला फोन वेगळा. मला म्हणायचं आहे ते इतकंच, की कोणती कंपनी हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न हा, की नंबर कुणाच्या नावावर आहे आणि तो कुठे न्यायचा हे ठरवतंय कोण.

आधी बोलण्यातला घोळ काढून टाकू. आपण सरसकट "कार्ड बदललं" म्हणतो, पण त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात. नवं कार्ड घेतलं आणि नंबरही नवा आला, ही एक. नंबर तोच ठेवला आणि कंपनी बदलली, त्याला दुकानदार पोर्ट करणं म्हणतात, ही दुसरी. कंपनीही तीच, नंबरही तोच, पण पॅक बदलला, ही तिसरी. कित्येकींचं काम तिसऱ्यावरच भागतं आणि त्या उगीच पहिल्यावर जातात. दुकानदार फुकट कार्ड देतोय म्हणून नवा नंबर घेतला, की बँकेत, आधारला, गॅसला, बचत गटाच्या वहीत, पोराच्या शाळेत, सगळीकडे तो नवा घालत फिरावं लागतं. एखादी जागा राहून जाते. मग नेमका तिथलाच निरोप आपल्याला मिळत नाही.

चाळिशी ओलांडलेल्या बायांना जुने दिवस आठवत असतील. फडावर गेलं की गावाकडचा निरोप यायचा मुकादमाकडे. त्याच्या मनात आलं तर तो कोपीवर सांगायचा. आपल्याला फोन लावायचा तर आठवडी बाजाराच्या दिवशी एसटीडी बूथवर रांग. देशातला पहिला मोबाईलचा कॉल ३१ जुलै १९९५ रोजी कोलकात्याहून दिल्लीला झाला. त्या काळी फोन करणाऱ्याला तर पैसे पडतच, घेणाऱ्यालाही पडत. २००३ मध्ये येणारा फोन फुकट झाला आणि मग हळूहळू हे यंत्र गरिबाच्या हातात आलं. आपल्या हातात त्याच्याही नंतर. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या सुमारे ५४ टक्के बायांनी सांगितलं, की मी स्वतः वापरते असा मोबाईल माझ्याकडे आहे. म्हणजे जवळजवळ निम्म्या बायांकडे तो नव्हता. घरात असेल, पण तिचा नव्हता.

कंपनी बदलली तरी नंबर तोच ठेवता येईल, ही सोय २५ नोव्हेंबर २०१० रोजी हरियाणात सुरू झाली आणि २० जानेवारी २०११ पासून सगळ्या देशात. त्या आधी कंपनी सोडली की नंबर सोडावा लागे, म्हणून माणूस कंपनीला बांधलेला असे. पुढे ३ जुलै २०१५ पासून एका सर्कलमधून दुसऱ्या सर्कलमध्येही नंबर नेता येऊ लागला. सर्कल म्हणजे कंपन्यांसाठी सरकारने पाडलेले वाटे. आपला बीड जिल्हा महाराष्ट्र आणि गोव्याच्या सर्कलमध्ये येतो, मुंबईचं सर्कल वेगळं. लग्न होऊन कर्नाटकात, गुजरातेत गेलेल्या लेकीलाही माहेरचा नंबर आपल्या नावावर तसाच ठेवता येतो. माहेरची दुसरी कोणती गोष्ट तिला अशी नेता येते, सांगा बरं!

नंबर धरून ठेवण्याला किती किंमत असते हे २०१८ मध्ये कळलं. एअरसेल नावाच्या कंपनीने ३० जानेवारी २०१८ पासून महाराष्ट्रासह सहा सर्कलमधली सेवा बंद केली. ज्यांना वेळेवर समजलं त्यांनी पोर्ट करून नंबर वाचवला. बातमी वाचणारा, दुकानात जाणारा माणूस सुटला. जिच्यापर्यंत बातमीच पोचत नाही तिचं काय झालं असेल, याचा हिशेब कुणी ठेवला नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येते. ऊसतोडीत आपल्याला कसं मोजतात? नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल कोयत्याला, हिशेब कोयत्याचा. बाई ऊस सोलते, मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन गाडीत भरते, तरी कागदावर तिचं नाव वेगळं येत नाही. यावर आपण वर्षानुवर्षं बोलतो आहोत. मग मी वस्त्यांवर विचारायला लागले, "तुमच्या हातातल्या फोनमधलं कार्ड कुणाच्या नावावर आहे?" कुणी म्हणाली मालकाच्या. कुणी म्हणाली दिराच्या. एक म्हणाली, "मुकादमानं दिलंय, त्याच्याच नावावर असंल." बऱ्याच जणींना तर असा प्रश्न असतो हेच माहीत नव्हतं. कोयत्यात जसं आपलं नाव बुडालं, तसंच सिममध्येही बुडालेलं आहे.

तुम्ही म्हणाल, घरातल्याच माणसाच्या नावावर आहे, काय बिघडलं? बिघडेपर्यंत काहीच बिघडत नाही. दोन बायांची गोष्ट सांगते. नावं, गावं सांगत नाही.

एकीला नवऱ्याने मारून घराबाहेर काढलं. ती माहेरी आली. येताना पदरात फोन होता, तेवढाच एक आधार. चौथ्या दिवशी फोन मुका झाला. कार्ड नवऱ्याच्या नावावर. तो दुकानात गेला, फोन हरवला म्हणाला आणि त्याच नंबरचं नवं कार्ड घेऊन आला. आता तिच्या बँकेचे निरोप त्याच्याकडे, बचत गटाचे फोन त्याच्याकडे. वकिलाकडे दिलेला नंबरही तोच. वकील फोन करायचे आणि नवरा उचलायचा. तिने पुढची तारीख कशी सांभाळली ते तिचं तिला ठाऊक.

दुसरी विधवा आहे. शेतकरी नवरा गेला. नंबर त्याच्या नावावर, आणि बँकेत, आधारला तोच दिलेला. दुःखात रिचार्ज कोण मारणार? नियम असा आहे, की ९० दिवस फोनचा काहीच वापर झाला नाही आणि खात्यात वीस रुपयेही शिल्लक नसले, तर कंपनी नंबर बंद करू शकते. बंद झाल्यावर आणखी ९० दिवस तो कुणाला देत नाहीत. त्यानंतर तो दुसऱ्या गिऱ्हाइकाला मिळू शकतो. हिने वर्षाने नंबर लावून पाहिला, तर पलीकडे भलताच माणूस बोलला. ती मला म्हणाली, "ताई, माझ्या मालकाच्या नंबरवर परका माणूस बोलला. मी फोन ठिवूनच दिला." तिच्या मनाला काय लागलं ते वेगळं. पण खात्याचे निरोपही त्या परक्या माणसाकडे जात होते, हे तिच्या नंतर ध्यानात आलं.

सरकारचे पैसेही आता फोनच्या दारातून येतात. लाडकी बहीण योजना २०२४ मध्ये सुरू झाली, महिन्याला १५०० रुपये. सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी काढली. त्यात बाईच्या आधारशी जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी, म्हणजे आकड्यांचा निरोप, यायचा. शिवाय नवऱ्याच्या नाहीतर वडलांच्या आधारचाही ओटीपी लागायचा. ज्यांचा नवरा वारला, वडीलही नाहीत, ज्यांना नवऱ्याने टाकलंय, त्यांनी कुणाचा ओटीपी आणायचा? ओरड झाली तेव्हा अशा बायांसाठी अंगणवाडी सेविकेकडे कागदं द्यायची सोय झाली. ओटीपीपायी किती जणींनी मजुरी बुडवून हेलपाटे घातले, ते तुम्हाला मी सांगायला नको.

म्हणून म्हणते, कंपनी बदलायचा विचार डोक्यात आला की आधी नाव बघा. पोर्ट केल्याने नंबर नव्या कंपनीत जातो, मालक बदलत नाही. नवऱ्याच्या नावावरचा नंबर पोर्ट केला तर तो पोर्ट झाल्यावरही नवऱ्याचाच. नाव बदलायचं काम वेगळं आहे आणि ते आधी करायचं. नाव बदलण्याचा अर्ज चालू असताना पोर्टची मागणी फेटाळली जाते, म्हणून दोन्ही एकदम करायला जाऊ नका. हयात माणसाच्या नावावरचं सिम आपल्या नावावर घ्यायला त्याची संमती लागते. माणूस मयत असेल तर मृत्यूचा दाखला आणि वारसाची कागदं घेऊन कंपनीच्या दुकानात जायचं. चौकातल्या रिचार्जच्या टपरीवर हे काम होत नाही.

आपल्या नावावर किती सिम आहेत तेही बघता येतं. सरकारने मे २०२३ मध्ये संचार साथी नावाची वेबसाइट काढली. तिच्यावर आपला नंबर घातला, ओटीपी दिला, की आपल्या नावावरच्या सगळ्या नंबरांची यादी दिसते. आपल्याकडे एका माणसाच्या नावावर जास्तीत जास्त नऊ सिम चालतात. यादीत अनोळखी नंबर दिसला तर तिथेच तक्रार करता येते. तुमची शिकलेली पोर पाच मिनिटांत हे करून देईल. कॅम्प लावून फुकट कार्डं वाटतात तिथे अंगठा दोनदोनदा घेतला, तर गप्प राहू नका. "दुसऱ्यांदा कशाला?" असं विचारा.

नाव झालं. आता रेंज. आपल्या घरात कंपनी कोण ठरवतं? बहुतेक पुरुष नाहीतर थोरला पोरगा. तो कशावरून ठरवतो? पारावर नेट कसं पळतं, यावरून. पण बाई पारावर बसते का? ती असते चुलीपाशी, विहिरीवर, रानात. आपला बालाघाटचा डोंगर म्हणजे चढउतार, दरडी, खोलगट वस्त्या. गावात तीन दांड्या रेंज असते आणि अर्ध्या कोसावरच्या वस्तीवर एकही नसते. माझ्या भागात एका घरी पोराने स्वस्त नेटसाठी सगळ्यांचे नंबर एका झटक्यात दुसऱ्या कंपनीत नेले. आईला विचारलंसुद्धा नाही. नंतर कळलं, की तिच्या शेडात रेंजच नाही. बाळंतपणाला आलेली लेक आत, आणि आशाताईंचा फोन लागेना. आई दिवसातून चार वेळा बांधावर जाऊन "कुणाचा फोन आला का" ते बघायची. तरी हा निर्णय घरात कुणाला चुकीचा वाटला नाही. पोराचं नेट जोरात होतं ना!

माझ्या घरीही हा वाद झाला. जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी दर वाढवले. जिओचा २८ दिवसांचा १५५ रुपयांचा पॅक १८९ वर गेला. एअरटेल आणि व्हीआयचा १७९ चा पॅक १९९ झाला. लोक चिडले आणि त्या एका महिन्यात बीएसएनएलचे देशभरात २९ लाखांहून जास्त ग्राहक वाढले. माझा मुलगा म्हणाला, आपणही जाऊ. मालक म्हणाले, आहे तेच राहू दे. दोघंही माझ्या नंबरबद्दल बोलत होते आणि मला कुणी विचारत नव्हतं. मी म्हटलं, थांबा. शेजारणीकडे दुसऱ्या कंपनीचं कार्ड होतं. दोन दिवस तिचा फोन मागून घेतला, माझा तिला दिला. स्वयंपाकघरात, गोठ्यात, शेताच्या वरच्या बांधावर, खालच्या नाल्यापाशी, एसटीच्या थांब्यावर फोन लावून पाहिले आणि वहीत लिहिलं, कुठे लागला, कुठे तुटला. वही बघितल्यावर ठरवायला वेळ लागला नाही. माझ्यासाठी जुनीच कंपनी बरी निघाली, म्हणून मी कंपनी ठेवली आणि पॅक बदलला. शेजारणीचं घर चढावर आहे, तिला तिची बरी. दोघींचा निर्णय वेगळा आणि दोघींचा बरोबर.

हे तुम्हालाही करता येईल. फडावरच्या जागेची चौकशी मात्र आत्ता गावातूनच करायची. त्या कारखान्यावर मागच्या साली गेलेल्या बाईला विचारा, कोपीवर कुणाचं कार्ड चालत होतं. २०२४ च्या नियमांनी कंपन्यांना आपली सेवा कुठे पोचते त्याचा नकाशा वेबसाइटवर टाकावा लागतो. पोरींकडून तोही बघून घ्या, पण जाऊन आलेल्या बाईचा शब्द मी जास्त धरीन. आणखी एक. बटणाचा जुना टू-जी फोन असेल तर त्यात जिओचं कार्ड चालत नाही, त्याला फोर-जीचा फोन लागतो. नंबर पोर्ट केला आणि घरी आल्यावर कळलं, की फोनही नवा घ्यावा लागणार, असं व्हायला नको. बीएसएनएलचं देशी फोर-जी २७ सप्टेंबर २०२५ रोजी देशभर सुरू झाल्याचं जाहीर झालं. पण देशभर म्हणजे तुमच्या वस्तीवर आलंच असं धरू नका. लावून बघा. आणि कर्नाटकात तोडीला जायचं म्हणून तिकडचं कार्ड घ्यायची किंवा पोर्ट करायची गरज नाही. अमर्याद कॉलच्या पॅकमध्ये आपलं कार्ड तिकडेही चालतं.

आता पैशाचं. जिला हिशेब येत नाही असं घरचे म्हणतात, तीच बाई महिन्याचं मीठ-तेल बसवते. तेव्हा बसवू या. २८ दिवसांचा पॅक म्हणजे महिन्याचा पॅक नव्हे. वर्षात तो बारा वेळा नाही, तेरा वेळा मारावा लागतो. १९९ गुणिले तेरा झाले २५८७ रुपये. या पॅकमध्ये थोडं नेटही येतं. ज्यांच्याकडे बटणाचा फोन आहे त्या नेट वापरतच नाहीत, तरी पैसे भरत होत्या. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने, म्हणजे या कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेने, सांगितलं, की नुसतं बोलणं आणि मेसेज एवढ्याचाच पॅकही ठेवला पाहिजे. त्याप्रमाणे जानेवारी २०२५ मध्ये एअरटेलने ८४ दिवसांचा ४६९ चा आणि वर्षाचा १८४९ चा असा पॅक काढला. जिओने ८४ दिवसांचा ४४८ चा काढला. हे तेव्हाचे आकडे. दर बदलत असतात, म्हणून रिचार्जच्या आधी विचारून घ्या. पण दुकानदाराला "नुसत्या बोलण्याचा पॅक दाखव" असं म्हणा. आपण मागितल्याशिवाय तो दाखवत नाही.

१८४९ आणि २५८७ मध्ये फरक ७३८ रुपयांचा. जानेवारी २०२४ च्या करारानंतर ऊसतोडणीचा दर टनाला सुमारे ३६६ रुपये झाला. म्हणजे ७३८ रुपये म्हणजे दोन टन ऊस. एका कोयत्याचा, दोन माणसांचा, पहाटेपासून अंधार पडेपर्यंतचा दिवस. जे नेट आपण वापरलंच नाही, त्यासाठी एक पूर्ण दिवस ऊस तोडायचा! तुम्ही म्हणाल, ताई, १८४९ रुपये एकदम आणायचे कुठून? खरं आहे. ज्याच्याकडे एकरकमी पैसा आहे त्याला स्वस्त आणि जो थोडं थोडं भरतो त्याला महाग, हा बाजाराचा जुना न्याय आहे. किराण्याच्या पुडीतही तोच. पण उचल हातात आली की मालकाच्या फोनचं रिचार्ज आधी होतं, बाईचं राहतं. ती उचल तुमच्याही कष्टाची आहे. त्यातून तुमच्या फोनचं रिचार्ज निघालं पाहिजे, हे घरात बोला. निदान ८४ दिवसांचं तरी.

इतकं सगळं बघून कंपनी बदलायचीच असं ठरलं, तर रीत अशी. फोनमध्ये मेसेज लिहायचा. इंग्रजीत पी, ओ, आर, टी, मग एक जागा सोडून आपला दहा आकडी नंबर, आणि तो १९०० वर पाठवायचा. रिचार्जमध्ये मेसेजची सोय नसली तरी हा मेसेज गेला पाहिजे, असा ट्रायचा डिसेंबर २०२१ चा आदेश आहे. उलट मेसेजने आठ अक्षर-आकड्यांचा कोड येतो. आपल्या भागात तो चार दिवस चालतो. तो घेऊन, आधार घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जायचं. आपल्या बोटांचे ठसे उसाने आणि कोयत्याने घासलेले असतात, यंत्र घेत नाही. तेव्हा परत फिरू नका. फोटो काढून कागदपत्रं भरायचीही रीत आहे, ती करून द्या म्हणा. आपल्याच सर्कलमध्ये हे काम तीन कामाच्या दिवसांत व्हावं असा नियम आहे, दुसऱ्या सर्कलमध्ये न्यायचं तर पाच. मन बदललं तर चोवीस तासांच्या आत मागणी रद्दही करता येते.

काही गोष्टी लक्षात ठेवा. जुन्या कंपनीत उरलेला बॅलन्स नव्या कंपनीत येत नाही, तेव्हा पॅक संपत आल्यावरच पोर्ट करा. बदल होताना काही तास फोन बंद असतो, त्या दिवशी बँकेचं, ओटीपीचं काम ठेवू नका. हरवलेलं कार्ड नुकतंच नव्याने काढलं असेल तर सात दिवस थांबावं लागतं. हा नियम १ जुलै २०२४ पासून आहे, आणि तो चोरांना अडवण्यासाठी आहे. तो आठ अक्षरांचा कोड फोनवर कुणालाही सांगायचा नाही. "मी कंपनीतून बोलतोय" म्हणणाऱ्याला तर नाहीच नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, एका कंपनीत गेलं की ९० दिवस तिथून पुन्हा हलता येत नाही. ९० दिवस म्हणजे अर्धा हंगाम. म्हणून घाईने नाही, वही घेऊन ठरवायचं.

एक प्रश्न पाटोद्याच्या बैठकीत एका पोरीने विचारला होता. "कुणी घाणेरडे फोन करत असंल तर पोर्ट करू का?" नाही, बाळा. पोर्ट केलं तर नंबर तोच राहतो आणि तो माणूस त्याच नंबरवर फोन करणार. त्याचा इलाज पोलिसांत तक्रार. १८१ हा महिलांचा मदतीचा नंबर आहे, तातडीला ११२ आहे. नंबर बदलून आपण लपायचं की त्याला गाठायचं, हे आपण सगळ्याजणी मिळून ठरवू. तू एकटी ठरवू नकोस.

शेवटचा मुद्दा टोळीचा. आतापर्यंत मी एकेकीच्या फोनचं बोलले. पण फडावर आपण एकट्या नसतो. टोळीत आठ-दहा बाया असतील आणि सगळ्यांची कार्डं एकाच कंपनीची असतील, तर रेंज गेली की सगळ्यांची एकदम जाते. मग पुन्हा मुकादमाच्या फोनकडे बघणं आलं. आजारी पडलेल्या बाईला दवाखान्यात न्यायचं, तिच्या माहेरी कळवायचं, मजुरीचा वाद झाला तर संघटनेला सांगायचं, हे मुकादमाच्या फोनवरून कसं होणार? म्हणून निघण्याआधी टोळीतल्या बायांनी एकदा बसा. कुणाकडे कोणतं कार्ड आहे ते मांडा. निदान दोन कंपन्यांची कार्डं बायांच्या हातात राहतील असं बघा. सगळ्यांचे नंबर एका कागदावर लिहून प्रत्येकीच्या पिशवीत ठेवा, फोन चार्ज नसला तरी कागद उपयोगी पडतो. स्वस्त म्हणून सगळ्याच एका कंपनीत निघाल्या असाल, तर दोघींनी मागे राहायचं आणि त्यांच्या जास्तीच्या रिचार्जला बाकीच्यांनी दहा-दहा रुपये घालायचे. भिशी चालवतो, तसं हेही चालवता येईल.

आता मी बसते. पण चहाला उठण्याआधी एक काम करू. वही फिरवते आहे. प्रत्येकीने आपला नंबर आणि तो कुणाच्या नावावर आहे ते लिहायचं. माहीत नसेल तर "माहीत नाही" लिहा, त्यात लाज नाही. लिहिता येत नसेल तर शेजारच्या पोरीला सांगा. पट्टा पडून परत आलात की आपण पुन्हा बसू आणि हीच वही उघडू. तेव्हा "माहीत नाही" किती उरले आणि स्वतःचं नाव किती जणींनी लिहिलं, ते मोजू. कंपनी कोणती, ते ज्याची त्याने बघावं.